थाळीचा सूर आणि माईकची शिट्टी

एकटा कलाकार आणि त्याच्या हातात एकच वाद्य, एवढ्यासाठी ध्वनिव्यवस्था लावायची म्हटलं की पुष्कळांना ते अगदी सोपं काम वाटतं. ऑर्केस्ट्राला वीस माईक लागतात, इथे एक पुरे, असा साधा हिशेब असतो. गेली बरीच वर्षं हे काम करताना माझा अनुभव याच्या उलटा आहे. ऑर्केस्ट्रात एखादं वाद्य ऐकू आलं नाही तर दुसरं वेळ मारून नेतं. एकटा माणूस थाळी घेऊन बसला आणि त्याचा आवाज पोचला नाही, तर त्या कार्यक्रमात काहीच उरत नाही. म्हणून आज तुमच्याशी बोलायचं आहे ते या एकट्या कलाकाराबद्दल, आणि तेही आपल्या पेठ तालुक्यातल्या.

नाशिकहून सुमारे 55 किलोमीटरवर, सावळघाट ओलांडून गेलं की पेठचा मुलूख लागतो. कोकणा, महादेव कोळी, वारली समाजांची इथे वस्ती. इथल्या कोकणा समाजात थाळीवर कथा सांगायची जुनी रीत आहे. ज्यांनी ती थाळी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. काशाची किंवा पितळेची थाळी घ्यायची. तिच्या मध्यभागी मधाच्या पोळ्याचं मेण लावून त्यात एक सरळ, बारीक काडी उभी करायची. मग दोन्ही हातांच्या चिमटीत ती काडी आळीपाळीने धरून वरून खाली बोटं ओढत राहायची. बोटांच्या घर्षणाने काडी थरथरते, तो थरथराट मेणातून थाळीत उतरतो आणि थाळीतून न तुटणारा एक सूर निघू लागतो. त्या सुरावर थाळकर कथा सांगतो. कणसरीची, म्हणजे धान्याच्या देवीची कथा अशीच सांगतात. मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात पावरकर आणि थाळकर दोघांनाही मान असतो.

आता गंमत बघा. लाउडस्पीकर म्हणजे तरी काय? एक तारेचं वेटोळं थरथरतं, ते कागदाच्या शंकूला हलवतं आणि शंकू हवेला हलवतो. थाळीतही तेच घडतं. काडी थरथरते, ती थाळीला हलवते आणि थाळी हवेला. म्हणजे थाळी हा विजेशिवाय चालणारा लाउडस्पीकरच झाला. पण तो आहे घरातल्या ओटीवर, शेकोटीभोवती बसलेल्या वीस-पंचवीस माणसांसाठी. आपण त्याला शाळेच्या मैदानावर आणून चारशे माणसांपुढे बसवतो, आणि अडचण तिथून सुरू होते.

अंतराचा हिशेब

उघड्यावर आवाजाचा एक पक्का नियम आहे. अंतर दुप्पट झालं की आवाजाची पातळी 6 डेसिबलने उतरते. माणूस जरा मोठ्याने बोलला तर एक मीटरवर साधारण 70 डेसिबल भरतो. दोन मीटरवर तो 64 होतो, चार मीटरवर 58, आठ मीटरवर 52 आणि सोळा मीटरवर 46. मुलांची चुळबुळ, रस्त्यावरची जीप, जनरेटर यांचा मिळून गलका सहज 50 ते 55 डेसिबल असतो. म्हणजे आठव्या मीटरपुढे थाळकराचे शब्द गलक्यात बुडायला लागतात. थाळीचा सूर तर त्याच्याही आधी जातो. मग म्हातारा थाळकर काय करतो? तो आवाज चढवतो. दहा मिनिटांत घसा बसतो, कथेतला हळू बोलण्याचा भाग नाहीसा होतो, आणि रात्रभर पुरणारी कथा वीस मिनिटांत उरकली जाते. लोक म्हणतात, ‘आता पहिल्यासारखं राहिलं नाही.’ राहिलेलं असतं हो, ते तिसऱ्या रांगेपर्यंतच पोचलेलं असतं.

म्हणून यंत्राला हात लावण्याआधी बैठक बघावी. आपल्याकडे रीत अशी की चार फूट उंच स्टेज, त्यावर पाहुण्यांच्या खुर्च्या, खाली मोकळी जागा, मग सोफे आणि त्यांच्या मागे मुलं. कथा ज्यांच्यासाठी, तेच सगळ्यात लांब. त्याऐवजी थाळकराला हातभर उंचीच्या चौथऱ्यावर किंवा चार बाकं जोडून केलेल्या बैठकीवर बसवा आणि मुलांना समोर सतरंजीवर अर्धगोलात घ्या. 10 मीटर त्रिज्येच्या अर्ध्या वर्तुळाचं क्षेत्रफळ भरतं 157 चौरस मीटर. एका चौरस मीटरमध्ये दोन मुलं धरली तरी तीनशे मुलं सहज मावतात, आणि सगळ्यात मागचं मूल थाळकरापासून फक्त 10 मीटरवर असतं. या बदलाला एक रुपयाही लागत नाही. आणि गोष्टीला हुंकार लागतो, तो जवळ बसलेल्या माणसाकडूनच येतो.

माईक कुठे, किती जवळ

आता माईककडे वळू. थाळकर मांडी घालून बसतो, थाळी समोर, तोंड थाळीच्या वर हात-दीड हातावर. पुष्कळदा साउंडवाले समोर एक माईक उभा करतात, तोंडापासून दीड-दोन फूट लांब, आणि मग आवाज येत नाही म्हणून ॲम्प्लिफायरचं बटण पिळत जातात. थोड्याच वेळात ती ओळखीची कर्कश शिट्टी सुरू होते. ती का होते, ते समजून घ्यायला हवं. माईकमध्ये आवाज जातो, तो मोठा होऊन स्पीकरमधून बाहेर पडतो, त्यातला काही पुन्हा माईकमध्ये शिरतो, पुन्हा मोठा होतो. दर फेरीला तो वाढत राहिला की शिट्टी. यावर उपाय एकच: माईकला कलाकार जवळ आणि स्पीकर लांब.

जवळ म्हणजे किती? गायकाच्या तोंडापासून चार बोटं ते एक वीत. अंतर अर्धं केलं की माईकला 6 डेसिबल जास्त आवाज मिळतो, म्हणजे ॲम्प्लिफायर तेवढा कमी ठेवता येतो. माईक तोंडाच्या अगदी समोर न धरता थोडा बाजूने, हनुवटीच्या दिशेने तिरका ठेवावा, म्हणजे ‘प’, ‘फ’, ‘भ’चे फटकारे बसत नाहीत. फार जवळ आणला तर आवाजातला खर्ज फुगतो. तसं झालं तर मिक्सरवरचा बास थोडा कमी करावा. सभेत दिसतो तो साधा डायनॅमिक माईक गळ्यासाठी उत्तम. त्याला पडणं-आपटणं चालतं आणि दमट हवाही चालते. पेठच्या पावसाळ्यात हा गुण मोठा आहे.

थाळीसाठी मात्र दुसरा माईक लावावा, आणि मिळाला तर लहान कंडेन्सर. तो बारीक सूर जास्त चांगला पकडतो, पण त्याला मिक्सरमधून 48 व्होल्टचा पुरवठा लागतो, तेवढं आधी पाहून घ्यावं. हा माईक थाळीच्या कडेच्या बाजूला, वरून खाली तिरका रोखून, वीतभर अंतरावर ठेवायचा. काडीच्या समोर ठेवला तर हात आपटतात. थाळीला चिकटपट्टीने काही चिकटवू नये. एवढंसं वजनही तिचा सूर बदलतं. यात एक फायदा आपोआप मिळतो. साधारण वापरातले बरेचसे माईक समोरचं ऐकतात आणि पाठीमागचं फार कमी ऐकतात. थाळीकडे तोंड करून खाली रोखलेल्या माईकची पाठ येते थाळकराच्या तोंडाकडे. त्यामुळे थाळीच्या माईकमध्ये गळा फारसा शिरत नाही आणि मिक्सरवर दोन्ही आवाज वेगवेगळे हाताळता येतात.

दोन माईकमधल्या अंतराचाही एक व्यवहारी नियम आहे, एकास तीन. गळ्याचा माईक तोंडापासून 15 सेंटिमीटरवर असेल, तर थाळीचा माईक त्या माईकपासून निदान 45 सेंटिमीटर दूर हवा. नाहीतर एकच आवाज दोन्हीकडे थोड्या वेळाच्या फरकाने पोचतो आणि पोकळ, डब्यातून आल्यासारखा ऐकू येतो. आणि विनाकारण तिसरा-चौथा माईक चालू ठेवू नये. चालू माईकची संख्या दुप्पट झाली की शिट्टीपूर्वीची मोकळीक 3 डेसिबलने घटते. निवेदकाचा माईक कथा चालू असताना बंदच हवा.

पावरीची गोष्ट अगदी वेगळी. भोपळ्याला नळ्या आणि पुढे कर्णा असलेलं हे वाद्य उघड्या मैदानासाठीच घडलेलं आहे. पावरकर वाजवता वाजवता फिरतो, वळतो, नाचणाऱ्यांना फिरवतो. त्याला माईकपुढे खिळवून ठेवणं म्हणजे पावरीचा अर्धा जीव काढून घेणं. दोनशे माणसांत पावरीला माईकची गरजच नसते. फार मोठा जमाव असेल तर कर्ण्यासमोर मीटरभर लांब एक माईक ठेवावा आणि तो फिरला तर फिरू द्यावा. वाऱ्याच्या भुरभुरीसाठी माईकला स्पंजची टोपी तेवढी घालावी.

यंत्राला न कळणारा सूर

एक गोष्ट मी मुद्दाम सांगणार आहे, कारण ती पुस्तकात सहसा नसते. पेठ तालुक्यातल्या एका गावात कार्यक्रम होता. बाहेरून नवीकोरी, डिजिटल ध्वनिव्यवस्था आणली होती. थाळकराने काडीवर बोटं फिरवायला सुरुवात केली, सूर लागला, आणि चार-पाच सेकंदांत तो स्पीकरमधून गायबच झाला. बोटं चालू, सूर नाही. त्याने थांबून थाळी पाहिली, मेण दाबलं, पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. तो वयस्कर माणूस इतका खजील झाला की आपला हात गेला असं त्याला वाटलं.

हात शाबूत होता. त्या यंत्रात शिट्टी आपोआप दाबण्याची सोय चालू होती. असं यंत्र शिट्टी कशी ओळखतं? एकाच कंप्रतेचा, न थांबणारा, बारीक सूर दिसला की ही शिट्टी, असं समजून ते नेमका तेवढाच सूर कापून टाकतं. आणि थाळीचा सूर नेमका तसाच असतो, एकसारखा आणि अखंड. तंबोऱ्यासारखं किंवा पावरीच्या धरलेल्या सुरासारखं जे जे अखंड आहे, ते या यंत्राच्या नजरेत दोषी. तसंच मोबाइलवरून बोलताना पार्श्वभूमीचा गोंगाट कमी करण्याची जी सोय असते, तीही थाळीला पंख्याची घरघर समजून पुसून टाकू शकते. म्हणून सांगतो, अशा कार्यक्रमात आपोआप शिट्टी दाबणारी, हळू आवाज आला की माईक बंद करणारी, अशी सगळी स्वयंचलित बटणं आधी बंद करा. माईक नीट जागी असेल तर त्यांची गरज पडत नाही. ‘इको’चं बटणही शून्यावर आणा. लग्नातल्या घोषणेला तो शोभत असेल, कथेत मात्र एका शब्दावर दुसरा चढतो आणि ऐकणाऱ्याला फक्त घुमारा कळतो.

स्पीकर, बॅटरी आणि पत्र्याचं छप्पर

स्पीकर नेहमी माईकच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून. थाळकराच्या मागे स्पीकर ठेवणं म्हणजे शिट्टीला आमंत्रण. खेड्यात खांबाला बांधलेले कर्णे सर्रास दिसतात. थोड्या विजेवर ते लांबवर ऐकू जातात, घोषणेला उत्तम; पण त्यांना खर्ज नाही आणि अगदी वरचे बारीक सूरही नाहीत. कथेसाठी उभट कॉलम बरा. त्यात लहान स्पीकर एकावर एक रचलेले असतात. त्यामुळे आवाज आडवा पसरतो आणि वर-खाली कमी सांडतो. तो माणसाच्या डोक्याच्या वर, सात-आठ फुटांवर ठेवून किंचित खाली झुकवावा. पुढच्या रांगेचे कान किटत नाहीत आणि मागच्यांना ऐकू जातं. तीनशे मुलांच्या अर्धगोलाला दोन कॉलम पुष्कळ झाले.

लांबलचक मैदानात मध्ये आणखी एक स्पीकर लावायचा मोह होतो. तिथे जपावं. हवेत आवाज सेकंदाला सुमारे 345 मीटर जातो. 20 मीटरवरच्या स्पीकरमधून आवाज तारेने क्षणात पोचतो, आणि पुढच्या स्पीकरमधून हवेतून यायला 58 मिलिसेकंद लागतात. हा फरक कानाला दोन वेगळ्या शब्दांसारखा जाणवू लागतो. मिक्सरमध्ये आवाज तेवढा उशिरा सोडण्याची सोय असेल तरच मधला स्पीकर लावा; नसेल तर लोकांनाच पुढे बोलवा.

थाळकराला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून एक लहान मॉनिटर हवा असेल, तर तो माईकच्या बरोबर पाठीमागे, थाळकराकडे तोंड करून, आणि अगदी हळू ठेवावा. अनेक जुन्या कलाकारांना तो नकोच असतो; आपला आवाज यंत्रातून परत आला की ते बिचकतात. त्यांना विचारून ठरवावं.

विजेचं म्हणाल तर पाड्यावर ती कधी जाईल सांगता येत नाही, आणि जनरेटरची धडधड थाळीला गिळून टाकते. आपल्याकडे मिळणारे बरेच साधे ॲम्प्लिफायर 12 व्होल्टच्या बॅटरीवरही चालतात. हिशेब सोपा आहे. 12 व्होल्ट, 60 अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे 720 वॅट-तास. तिला अर्धीच वापरायची म्हटलं तर 360. कथेसारख्या कामाला ॲम्प्लिफायर सरासरी 60 वॅट खाईल असं धरलं, तर सहा तास निघतात. बॅटरीवर चालवलं की विजेच्या लाइनमधून येणारी ‘हूँऽऽ’ अशी गुणगुणही जाते. लाइनवर चालवताना ती गुणगुण आली तर अर्थिंगची पिन काढून टाकायचा उपाय कुणी सुचवेल. तो कदापि करू नये. ओल्या जमिनीवर, धातूचा माईक हातात घेतलेल्या माणसाच्या जिवाशी तो खेळ आहे. माईकची वायर तीन पिनांची, चांगली घ्यावी आणि विजेच्या वायरपासून लांब टाकावी.

पावसाळ्यात कार्यक्रम पत्र्याच्या सभागृहात होतात. सरी कोसळल्या की पत्र्याचा ताशा वाजतो. त्यावर आवाज चढवून फायदा नसतो. पत्रा आणि भिंती तोच आवाज परत फेकतात. सर ओसरेपर्यंत थांबावं. थाळकराला घाई नसते, घाई असते ती सूत्रसंचालकाला.

तपासणीही कलाकाराला न दमवता करावी. आधी आपल्यापैकी कुणीतरी थाळकराच्या जागी बसून बोलावं. शिट्टीची सुरुवात होईल तिथवर आवाज वाढवावा, मग तिथून 6 डेसिबल खाली आणून तिथेच ठेवावा. त्यानंतर थाळकराकडून एकच मिनिट कथा सांगून घ्यावी आणि साउंडवाल्याने स्वतः शेवटच्या रांगेत जाऊन खाली बसून ऐकावी. उभ्याने ऐकलेलं आणि बसून ऐकलेलं सारखं नसतं.

दहा वाजल्यानंतर

शेवटचा मुद्दा कायद्याचा. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 या वेळात उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस, जाहीर केलेल्या सणा-उत्सवांना, ही मर्यादा मध्यरात्री 12 पर्यंत वाढवता येते. एरवी उघड्यावर लाउडस्पीकर लावायचा तर लेखी परवानगी लागते. वस्तीसाठी दिवसाची मर्यादा 55 आणि रात्रीची 45 डेसिबल आहे. थाळीची कथा तर रात्रीची. मग काय करायचं, असं मला आयोजक विचारतात.

माझं उत्तर असं की नियम लाउडस्पीकरला आहे, थाळीला नाही. संध्याकाळी सात ते दहा मैदानावर माईक लावून कथा सांगू द्या, चारशे जणांना तिची गोडी लागू द्या. दहाला यंत्र बंद करा. ज्यांना घरी जायचं ते जातील. उरलेल्यांना ओटीवर किंवा शाळेच्या व्हरांड्यात, थाळकराच्या भोवती जवळ बसवा आणि कथा पुढे चालू द्या. देवाच्या कामात माईक आणायचा की नाही, हे मात्र भगताने आणि गावाने ठरवायचं. तिथे साउंडवाल्याने आपलं शहाणपण चालवू नये.

माझं काम आवाज मोठा करण्याचं. पण पेठच्या बाजूला काम करताना ते चांगलं झालं की नाही, याची माझी खूण वेगळी आहे. दहा वाजता मी मुख्य बटण बंद करतो. त्या क्षणी मागच्या रांगेतली पोरं उठून घराकडे वळण्याऐवजी पुढे सरकून थाळीजवळ येऊन बसली, तर समजावं, आजची तीन तासांची व्यवस्था नीट लागली होती.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)